आपापल्या दगडासकट

नमस्कार मंडळी. या धाग्यावर मी आजवर फक्त वाचायला यायची आणि हसून निघून जायची. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाला लॉजच्या आरशात कोण दिसलं... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहीत नाहीये, 'नाही' असंच लिहितेय. आमच्या घरी कुणी भुताच्या गोष्टी सुरू केल्या की त्याला मासे साफ करायला बसवायचे. हात कामाला लागले की तोंड आपोआप बंद होतं. तेव्हा खाली प्रतिसादात 'ताई, तुमच्यावर कृपा आहे' वगैरे लिहू नका, मी चिडते. जे घडलं ते सांगते. तुम्हाला उलगडलं तर मला सांगा, कारण मला आजही उलगडलेलं नाही.

मी कोळंबीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत ग्रेडिंग सेक्शनची सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी अजून तिथेच आहे आणि मला तिथेच राहायचंय. जागा सांगते. श्रीवर्धनकडून दिघीला जाताना जेट्टीच्या बरंच अलीकडे एक फाटा खाडीकडे उतरतो. त्याच्या टोकाला आमचा प्लांट. मागच्या बाजूला काजूचा डोंगर, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे खाजण... म्हणजे पूर्वी भरतीचं पाणी जिथे येऊन-जाऊन असायचं ती खारी जमीन. खाडी आणि खाजण यांच्यामध्ये जुना मातीचा बांध. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला पत्र्याची लांबलचक शेड, खाली काँक्रीट. अनेक वर्षं आम्ही सगळे आमच्या दुचाक्या तिथे लावायचो आणि कुणाच्या पोटात दुखत नव्हतं.

मग नवे प्लांट मॅनेजर आले. आल्या आल्या माणूस काहीतरी बदलतो, यांनी पार्किंग बदललं. नोटीस बोर्डावर कागद लागला — शेड फक्त मॅनेजर ग्रेडसाठी आणि व्हिजिटरसाठी. बाकी सर्वांनी 'डेझिग्नेटेड पार्किंग एरिया'त गाड्या लावाव्यात. हा एरिया म्हणजे समोरचं खाजण! त्यावर चार डंपर मुरूम टाकला, तारेचं कुंपण केलं आणि 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी ठोकली. गेटपासून तिथवर चालत जायचं, बर्फाचे ट्रक आणि कंटेनर अंगावरून जातात त्या रस्त्याने. आणि आत शेडमध्ये काय, तर पाच मोटारी आणि बाकी सगळी कबुतरं.

मुरूम वरवरचा होता, खाली चिखल. साइड स्टँड लावला की पाच मिनिटांत रुतायचा आणि गाडी आडवी. म्हणून ज्याने त्याने स्टँडखाली ठेवायला आपापला दगड आणला. माझा दगड म्हणजे घरच्या जुन्या ओट्याच्या काळ्या कडप्प्याचा तुकडा. हिराकाकू आमच्या सोलणीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, लेकाची मोपेड घेऊन यायची, तिने फुटक्या पाट्याचा अर्धा भाग आणला होता. कुणाचा फरशीचा तुकडा, कुणाचं होडीच्या फळीचं लाकूड. संध्याकाळी दगड तिथेच ठेवून जायचं, सकाळी येऊन त्यावर स्टँड टेकवायचा. चाळीसेक गाड्या, चाळीसेक दगड, आणि कधी कुणी दुसऱ्याचा घेतला नाही.

शबानाला स्टँडचा प्रश्न नव्हता. तिच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय कॅलिपरमध्ये. तिने जांभ्या चिऱ्याचा एक तुकडा आणला होता, गाडी उतारावर सरकू नये म्हणून मागच्या चाकाला लावायला. ती पॅकिंगला आहे, लेबल लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण त्या खाजणातून गेटपर्यंत यायला तिला जो त्रास व्हायचा तो बघून माझं डोकं फिरायचं. पावसात तिची कुबडी मुरुमात रुतायची. एकदा ट्रकवाल्याने इतक्या जवळून हॉर्न मारला की ती रस्त्याच्या कडेला बसलीच.

मी एचआरकडे गेले. एचआर म्हणजे नवी मुंबईहून आलेला एक गोरापान, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. त्याला सांगितलं, अपंग कर्मचाऱ्याला दाराजवळ गाडी लावायला द्यावी लागते, कायदा आहे. शेड रिकामी आहे, एक जागा द्या.

तो म्हणाला, "मॅडम, आय अंडरस्टँड. पण शबाना कॉन्ट्रॅक्टरची आहे ना. टेक्निकली ती आपली एम्प्लॉयीच नाही."

"मग तिने पॅक केलेली कोळंबी टेक्निकली कुणाची?" मी विचारलं.

तो हसला. लेखी अर्ज द्या म्हणाला. दिला. पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी त्याने मला समजावलं की एकाला दिलं तर सगळे मागतील, आणि मी सुपरवायझर असून लोकांना भडकावते असं वरती बोललं जातंय. मी म्हटलं, भडकलेली मी आहे, लोक शांत आहेत.

शबाना मलाच गप्प करायची. "जाऊ द्या ताई, माझ्यामुळे तुमची नोकरी जायची." तिचे वडील असताना ते तिला सोडायला यायचे. ते गेले आणि तिने ही स्कूटर घेतली, श्रीवर्धनच्या मेकॅनिककडून चाकं बसवून घेतली. गाडी असेल तर नोकरी, नाहीतर घराचा उंबरठा. तिच्या गावातून आमच्याकडे यायला धड एसटी नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी गप्प बसत नव्हते.

हिराकाकू बाजूच्याच गावची. पहिल्याच दिवशी पाट्याचा तुकडा टेकवताना ती म्हणाली होती, "ह्या मानसांना कुनी सांगितलं न्हाय काय? हितं उदान येतं. पान्याची जागा हाय ही."

"तुम्हीच सांगा ना साहेबांना," मी म्हटलं.

"सांगितलं की. म्हनला, आज्जी, बांद हाय ना." आणि मग ती आपल्याच नादात जुनं बोलत राहिली. त्यांच्या वेळी त्या खाजणात गावची ढोरं चरायला बांधायचे. बांधाच्या राखणीला म्हादूबाबा नावाचा माणूस असायचा. उधाण चढणार असं वाटलं की हा कुणाला हाक न मारता एकटा सगळी ढोरं सोडून वर डोंगराच्या अंगाला नेऊन बांधायचा. "अन् ज्याची खुटी त्याच्या ढोराबराबर उपटून न्ह्यायचा."

"खुंटी कशाला? वर झाडाला बांधायचं ना."

"तसा त्याचा सोभावच. म्हनायचा, दुसऱ्याच्या खुटीला ढोर ऱ्हात न्हाय." ती हसली. "मेला त्यो, लय वर्सं झाली. मंग ढोरंबी गेली. आता तुमची कंपनी."

हे मी तेव्हा या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नीट वाचा, पुढे लागणार आहे.

ही गोष्ट श्रावण संपल्यानंतरची, पिठोरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची. आता 'अमावास्या' शब्द वाचून लगेच सरसावून बसू नका! उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच येतं, त्यात भूत नाही, चंद्र आहे. आणि वेळ भर दुपारची. सकाळपासून पाऊस कोसळत होता, वारा खाडीकडून. मासेमारी नुकतीच सुरू झालेली, माल तुफान आलेला. लाइन फुल चालू.

आमच्याकडे आत जाताना अंगावरचं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं — बांगड्या, मोबाइल, चाव्या. खाण्याचा माल आहे, बरोबरच आहे ते. म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या लॉकरमध्ये, लॉकरच्या किल्ल्या चेंजिंग रूमच्या बाईकडे. आणि दुचाक्यांना हँडल लॉक. हेही लक्षात ठेवा.

जेवणाच्या सुट्टीला वरच्या कँटीनमधून कुणीतरी ओरडलं, "बांध गेला!"

खिडकीतून खाजणाचं फक्त टोक दिसतं. तिथे पाणी होतं. मातकट, फेसाचं, आणि रस्त्याच्या दिशेने सरकणारं. पोरी जिन्याकडे धावल्या तर खाली दारात एचआरचा मुलगा उभा. मॅनेजर जेट्टीवर गेले होते, सगळा भार त्याच्यावर.

"गेटपासशिवाय कुणी बाहेर जाणार नाही. लाइन थांबली तर माल खराब होईल. जो जाईल त्याची आजची हजेरी नाही, आणि मी नावं वर कळवणार."

"आमच्या गाड्या बुडतायत."

"पाटी वाचली नाही का? मालकाच्या जबाबदारीवर."

शबाना माझ्या शेजारी होती. तिने फक्त भिंतीला हात टेकला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात जे काही शिल्लक होतं ते सगळं एकदम पेटलं.

"जबाबदारी मालकाची ना? मग मालक चालले जबाबदारी घ्यायला," मी म्हटलं. मागे वळून ओरडले, "कोळंबीवर बर्फ टाका, लाइन बंद करा, चाव्या काढा. नावं कळवायची तर पहिलं माझं कळवा. सुजाता, ग्रेडिंग."

आम्ही लॉकरमधून चाव्या घेतल्या आणि गमबूट, टोप्या, एप्रन तसेच अंगावर ठेवून पावसातून गेटकडे पळालो. शबानाला आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं होतं. गेटवर सिक्युरिटीचे मोरेदादा. त्यांनी गेटचा आडवा दांडा वर केला नाही, पण अडवलंही नाही. नुसते म्हणाले, "ताई, आता जाऊन काय करताय ओ... काय उरलं न्हाय तिकडं."

खरंच उरलं नव्हतं. कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी वर. 'मालकाच्या जबाबदारीवर'ची पाटी वाकून पाण्यात आपटत होती. एकही गाडी दिसत नव्हती. आडवी पडलेली नाही, वाहत चाललेली नाही. नुसतं पाणी. शबाना रस्त्याच्या कडेच्या मोरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, मी उद्यापासून घरी." रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मीच रडले, रागाने.

तेवढ्यात हिराकाकूने माझा एप्रन मागून ओढला. "सुजाता... अगो, मागं बग."

मागे शेड होती. येताना आम्ही तिच्यासमोरून पळालो होतो, पण पावसात माना खाली घालून, लक्ष सगळं रस्त्यापलीकडे. मोरेदादांच्या केबिनची पाठ शेडकडे. शेडमध्ये आमच्या गाड्या उभ्या होत्या. सगळ्या. मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागांत, ओळीने, तोंडं डोंगराकडे करून.

आम्ही जवळ गेलो. कुणी धावलं नाही, हळूहळू गेलो. गाड्यांच्या चाकांना रिमपर्यंत खाजणाचा काळा चिखल होता. काँक्रीटवर चिखलाचा एक पट्टा नाही, चाकाची खूण नाही. सगळ्यांना हँडल लॉक तसंच. आणि प्रत्येक साइड स्टँडखाली दगड.

काँक्रीटवर, मंडळी. तिथे दगडाची गरजच काय? पण होता. माझ्या गाडीखाली माझा कडप्पा. हिराकाकूच्या लेकाच्या मोपेडखाली पाट्याचा तुकडा. होडीची फळी फळीवाल्याच्या गाडीखाली. मी पुढून मागेपर्यंत चालत गेले, एकाचाही दगड बदललेला नव्हता. शबानाची स्कूटर सगळ्यात पुढे, इमारतीच्या दाराला अगदी लागून, मागच्या चाकाला जांभ्याचा चिरा लावून उभी होती.

हिराकाकूने हात जोडले. "खुट्या आनल्या बग त्यानं," ती म्हणाली. कुणाबद्दल ते मी विचारलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो आला याचाही मला राग आला.

नेमके तेव्हाच मॅनेजरसाहेब जेट्टीवरून परतले. दांडा वर गेला, मोटार आत आली आणि हॉर्न वाजायला लागला. शबानाची स्कूटर उभी होती ती त्यांची जागा होती. खांबावर पिवळ्या रंगात त्यांचा हुद्दा लिहिलेला.

काच खाली झाली. "हे काय चाललंय? कुणाची परवानगी घेतली? आत्ताच्या आत्ता काढा सगळ्या."

"कुठे लावू सर?" मी विचारलं. हाताने रस्त्यापलीकडचं पाणी दाखवलं.

त्यांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ही स्कूटर तरी काढा. ही माझी जागा आहे."

"ही हलणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, पत्र्यावरच्या पावसापेक्षा मोठा. "पाच मोटारींना शेड आणि हिला चिखल, हे तुम्ही ठरवलंत. आज ती दाराशी आली आहे. कुणी आणली मला माहीत नाही, पण परत नेणारी मी नव्हे. तुम्हाला न्यायची असेल तर उतरा, चिऱ्याला हात लावा आणि घेऊन जा."

ते उतरले नाहीत. सगळ्या बायका त्या ओळीपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या, एप्रनवर कोळंबीचं पाणी, डोक्याला टोप्या. साहेबांनी मोटार मागे घेतली आणि उघड्यावर, पावसात लावली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मला नोटीस आली. परवानगीशिवाय लाइन बंद केली, आणि कटकारस्थान करून वाहने प्रतिबंधित जागेत हलवली! पहिलं मी केलं होतं, तसं लिहून दिलं. त्या दिवसाचा एक किलो मालसुद्धा खराब झाला नव्हता, तेही लिहिलं. दुसरं मी केलं नव्हतं. एचआरच्या मुलाने एक तयार कागद पुढे सरकवला. "मॅडम, फक्त सही करा. एक-दोन नावं द्या. वॉर्निंगवर मिटवतो. नाहीतर शबानाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, तुमचंही बघावं लागेल."

"कॅमेरा आहे ना शेडला? दाखवा. ज्याचं नाव दिसेल त्यावर सही करते."

त्याने दाखवलं. एकदा नाही, अनेकदा पाहिलं आम्ही दोघांनी. शेड रिकामी. मोरेदादा केबिनमध्ये. दांडा खाली. मग पावसाची अशी एक सर येते की पडदा पांढरा होतो, काहीच दिसत नाही. सर ओसरते आणि गाड्या उभ्या. दांडा खालीच. तो मुलगा घाम पुसत होता. मला त्याची दया आली, थोडीच.

"आता तुम्ही लिहा," मी म्हटलं, "की चाळीस गाड्या लॉक असताना, चाव्या लॉकरमध्ये असताना, बंद गेटमधून आत आल्या. सही करा आणि वर पाठवा. मग मी माझी करते."

तो कागद वर गेला नाही. कंपनीला भूत मान्य करता येईना आणि चोर सापडेना. शबानाचं कॉन्ट्रॅक्ट चालू राहिलं. खाजणातलं पाणी कित्येक दिवस हललं नाही, बांध अजून तसाच फुटलेला आहे. शेडचा नियम कुणी रद्द केला नाही, तशी नोटीसही लागली नाही. नुसता बोर्डावरचा जुना कागद एके दिवशी गेला. साहेबांच्या खांबावरचा हुद्दा आम्ही उरलेल्या पिवळ्या रंगाने झाकला आणि त्यावर व्हीलचेअरचं चित्र काढलं. वाकडं आलंय, चाक अंड्यासारखं झालंय, पण कुणी पुसलेलं नाही.

लोकांनी मला तर्क पुष्कळ दिले. गावच्या पोरांनी आणल्या असतील, म्हणतात. चाळीस लॉक केलेल्या गाड्या, उचलून, मोरेदादांच्या नाकासमोरून, त्या एका सरीत? आणि आणल्या असतील तर आजवर एकानेही छाती का नाही ठोकली? आमच्या गावांत कुणी साधी विहिरीतून बादली काढून दिली तरी वर्षभर ऐकवतो. हिराकाकू म्हादूबाबा म्हणते. मी मानत नाही. तिने बांधाजवळच्या एका दगडावर नारळ फोडला, त्यातलं खोबरं मात्र मी खाल्लं.

मला फक्त एकच गोष्ट सुटत नाही. ज्याने कुणी गाड्या आणल्या त्याला काँक्रीट काय असतं ते माहीत नव्हतं. नाहीतर दगड कशाला आणेल? पण कुठला दगड कुणाचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. आमच्या कंपनीने आमचे अंगठे घेतलेत, फोटो घेतलेत, जाता-येता कॅमेरा आमच्यावर आहे, आणि शबाना आपली माणूस आहे की नाही हे ठरवायला त्यांना अजून टेक्निकली वेळ लागतोय.

हाउसकीपिंगला मध्यंतरी हुकूम आला होता, शेडमधले दगड-बिगड फेकून द्या, शिस्त दिसत नाही. आम्ही फेकू दिले नाहीत. रोज सकाळी त्या गुळगुळीत काँक्रीटवर मी स्टँडखाली माझा कडप्पा ठेवते. सगळ्याच ठेवतात. शबाना चाकाला चिरा लावते आणि सात पावलांत दारात असते. एचआरचा मुलगा विचारतो, मॅडम, हे आता कशाला? मी कडप्पा पायाने सरळ करते आणि कामाला आत जाते.

पण तो जो कोणी होता, त्याचं नाव कधी यांना सापडलं आणि त्याला नोटीस निघाली, तर सांगून ठेवते... चौकशीला त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी बसणार आहे.